उन्हाळ्यापुरते उघडलेले दार

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ॲशव्हिल शहराच्या पूर्वेला, डोंगरांच्या कुशीत लेक ईडन नावाचे एक लहानसे तळे आहे. तळ्याजवळ आगबोटीसारखी दिसणारी एक लांबलचक इमारत उभी आहे. आज त्या परिसरात दर उन्हाळ्यात मुलांची शिबिरे भरतात. पोहणे, होड्या वल्हवणे, डोंगर चढणे असा सगळा मामला. पण त्या इमारतीखालच्या काँक्रीटच्या खांबांवर अजूनही दोन भित्तिचित्रे दिसतात. मूळचा फ्रेंच आणि मेक्सिकोतील भित्तिचित्रांच्या चळवळीत घडलेला झाँ शार्लो हा चित्रकार १९४४च्या उन्हाळ्यात इथे शिकवायला आला होता, तेव्हा त्याने ती रंगवली. उन्हाळा संपला आणि शार्लो गेला. चित्रे मात्र राहिली.

ही जागा म्हणजे ब्लॅक माउंटन कॉलेज. १९३३मध्ये सुरू होऊन १९५७मध्ये कायमचे बंद पडलेले हे महाविद्यालय आधुनिक कलेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. विशेष म्हणजे, ज्या घटनांमुळे त्याचे नाव झाले त्यांतल्या बऱ्याचशा वर्षभराच्या नियमित अध्यापनात घडलेल्या नाहीत. त्या उन्हाळी सत्रांत घडल्या. आठ-दहा आठवड्यांसाठी माणसे येत, राहत, शिकवत, शिकत आणि निघून जात. उन्हाळी वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सुट्टीतला छंदवर्ग येतो. मग इतक्या थोड्या काळात असे काय घडले? आणि जे उन्हाळ्यापुरते घडले, ते उन्हाळ्यापुरतेच राहिले का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत १९४४ ते १९४८ या काळातील त्या वर्गांतून आणि कार्यशाळांतून एक फेरी मारण्याचा हा प्रयत्न आहे.

परंपरा आणि अडचण

उन्हाळी कलाशाळा ही कल्पना अमेरिकेत नवी नव्हती. विल्यम मेरिट चेस या चित्रकाराने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शिनेकॉक इथे १८९१ ते १९०२ या काळात अशी शाळा चालवली. त्याच्याच तालमीत तयार झालेल्या चार्ल्स हॉथॉर्नने १८९९मध्ये प्रॉव्हिन्सटाउन या कोळ्यांच्या गावी दुसरी सुरू केली. या शाळांचा साचा साधारण ठरलेला होता. शहरातला नामांकित चित्रकार उन्हाळ्यात समुद्रकाठी जाई, त्याच्यामागे विद्यार्थ्यांचा, त्यातही विद्यार्थिनींचा मोठा घोळका जाई. उघड्यावर निसर्गचित्रे काढायची आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी गुरुजींनी सगळ्यांसमोर त्यांची चिकित्सा करायची. गुरू जाणता, शिष्य अजाण. सारा व्यवहार या एका गृहीतावर चाले.

ब्लॅक माउंटनची गोष्ट वेगळी होती. फ्लोरिडातील एका महाविद्यालयातून काढून टाकलेला जॉन अँड्र्यू राइस आणि त्याचे काही सहकारी यांनी हे कॉलेज काढले. त्याची मालकी आणि कारभार दोन्ही प्राध्यापकांच्याच हाती होते. विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र राहत, एकाच भोजनगृहात जेवत, शेतावर काम करत. ती आगबोटीसारखी इमारतही १९४०-४१मध्ये विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्वतः राबून उभारली. वाल्टर ग्रोपियस आणि मार्सेल ब्रॉयर यांनी केलेला आधीचा आराखडा खर्चामुळे बाजूला ठेवावा लागला आणि लॉरेन्स कोचर या वास्तुविशारदाचा साधा आराखडा स्वीकारला गेला. पैशाची चणचण या कॉलेजाच्या पाचवीलाच पुजली होती.

दुसऱ्या महायुद्धात ही चणचण आणखी वाढली. तरुण मुले सैन्यात गेली आणि वर्ग ओस पडू लागले. उन्हाळ्यात बाहेरच्या कलावंतांना बोलवावे, त्यांच्या नावावर विद्यार्थी येतील, असा व्यवहारी विचार त्यातून पुढे आला. १९४४मध्ये एक संगीत सत्र आणि एक कला सत्र भरले. संगीत सत्राला निमित्त होते आर्नोल्ड शोनबर्गच्या सत्तरीचे. शोनबर्ग स्वतः येऊ शकला नाही, पण त्याचे संगीत वाजवणारे आणि जाणणारे मोठे वादक आले.

याच संगीत सत्रात आल्मा स्टोन विल्यम्स ही पियानो वाजवणारी तरुणी दाखल झाली. ती या कॉलेजातली पहिली आफ्रिकी-अमेरिकी विद्यार्थिनी. त्या वेळच्या दक्षिणेत शाळा, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ, सगळे गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून दहा वर्षे होती. तिला प्रवेश द्यावा की नाही यावर प्राध्यापकांत बराच वाद झाला. आसपासच्या गावांतून विरोध होईल, अशी धास्ती होती. कॉलेज स्वतःला पुरोगामी म्हणवत होते, पण दार पूर्ण उघडण्याचे धैर्य सगळ्यांत नव्हते. अखेर तोडगा निघाला तो उन्हाळ्याचा. नियमित वर्षासाठी नाही, तर आधी उन्हाळी सत्रापुरता प्रवेश द्यावा.

‘उन्हाळ्यापुरते’ या शब्दात सोय आहे आणि भित्रेपणाही आहे. पण जे बारा महिन्यांसाठी करायला माणसे धजत नाहीत, ते आठ आठवड्यांसाठी करून पाहतात, हेही तितकेच खरे. पुढच्याच वर्षी, १९४५मध्ये, रोलंड हेज हा ख्यातनाम कृष्णवर्णीय गायक इथे अध्यापक म्हणून आला. वर्षभरापूर्वी विद्यार्थिनीसाठी किलकिले झालेले दार आता अध्यापकासाठी उघडले होते.

आल्बर्सचा वर्ग

आता त्या लांब इमारतीतल्या एका वर्गात डोकावू. इथे जोसेफ आल्बर्स शिकवतो आहे. जर्मनीत नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस ही कलाशाळा १९३३मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आल्बर्स आणि त्याची पत्नी, विणकर अ‍ॅनी, हे दोघे इथे आले. तेव्हा आल्बर्सला इंग्रजी जेमतेम येत होते. आपण विद्यार्थ्यांना काय शिकवणार याचे त्याचे उत्तर थोडक्यात असे होते, की डोळे उघडायला शिकवणार.

त्याच्या रंगाच्या वर्गात रंगांच्या नळ्या आणि कुंचले फारसे दिसत नसत. असत ते रंगीत कागदांचे तुकडे. एकाच रंगाचे दोन तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून ते दोन निराळे रंग वाटतील असे करा. किंवा उलट, दोन निराळे रंग एकच भासतील असे करा. स्वाध्याय हे असे. कागद वापरण्यामागे कारण होते. रंग कालवत बसले की चूक झाकता येते, कागदाच्या बाबतीत ती सोय नाही. दुसऱ्या वर्गात सुकी पाने, अंड्याची टरफले, वर्तमानपत्राचे कपटे अशा टाकाऊ वस्तू शेजारी शेजारी मांडायच्या आणि एका वस्तूच्या पोतामुळे दुसरीचा पोत कसा बदलतो ते पाहायचे. तयार झालेली कामे जमिनीवर पसरून ठेवत आणि सगळे मिळून ती पाहत. त्यात मूळ सूत्र एकच होते: कोणतीही गोष्ट एकटी कशी दिसते याला महत्त्व नाही, ती कोणाच्या शेजारी बसली आहे यावर तिचे दिसणे ठरते. याच शिकवणुकीवर आधारलेला त्याचा रंगविषयक ग्रंथ १९६३मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या कलाशाळांत पोचला.

वर्णभेदाच्या प्रदेशात एक निर्वासित शिक्षक रंगाविषयी हे सांगत होता. आल्बर्सने स्वतः या दोन गोष्टी जोडल्या असे म्हणण्याला आधार नाही. तो राजकारणापासून चार हात दूरच राही. पण १९४६च्या उन्हाळ्यात त्याने कोणाला बोलावले आणि कसे बोलावले, ते पाहण्यासारखे आहे.

रेल्वेचा डबा

जेकब लॉरेन्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लाखो आफ्रिकी-अमेरिकी माणसांच्या स्थलांतरावर त्याने १९४०-४१मध्ये साठ चित्रांची मालिका काढली होती. ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांनी अर्धी अर्धी विकत घेतली. युद्धकाळात तो तटरक्षक दलात होता. त्याने तोवर कुठे शिकवले नव्हते. आल्बर्सने त्याला उन्हाळी सत्रात चित्रकला शिकवायला बोलावले.

अडचण प्रवासाची होती. न्यूयॉर्कहून निघालेली गाडी दक्षिणेच्या हद्दीत शिरली की कृष्णवर्णीय प्रवाशांना उठून वेगळ्या डब्यात जावे लागे. ज्या माणसाने ते स्थलांतर चित्रांतून जगासमोर मांडले, त्याच्यावर उलट दिशेने जाताना ही पाळी येणार होती. आल्बर्सने लॉरेन्स आणि त्याची पत्नी, चित्रकार ग्वेंडोलिन नाइट, यांच्यासाठी रेल्वेचा खासगी डबा ठरवला. कोणत्याही घोषणेवाचून अपमान टाळण्याचा हा एक मार्ग होता. पण त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे. डबा खासगी करता आला, रेल्वे नाही. लॉरेन्स दांपत्य त्या संपूर्ण उन्हाळ्यात ॲशव्हिल शहरात गेले नाही; ते कॉलेजच्या आवारातच राहिले. आत शिक्षक म्हणून मान होता, फाटकाबाहेर कायदा उभा होता.

तरीही त्या उन्हाळ्याने लॉरेन्सला काही दिले. चित्राच्या रचनेकडे पाहण्याची आणि ती विद्यार्थ्यांसमोर उलगडण्याची आल्बर्सची रीत त्याने जवळून पाहिली. अध्यापक म्हणून आपल्यावर तिचा प्रभाव पडल्याचे त्याने पुढे मान्य केले. पुढची अनेक वर्षे त्याने अध्यापन केले आणि सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून तो प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला. त्या दीर्घ कारकिर्दीची सुरुवात या उन्हाळी वर्गात झाली.

न उभा राहिलेला घुमट

१९४८चा उन्हाळा सगळ्यांत गाजला. त्याची नांदी एप्रिलमध्येच झाली होती. संगीतकार जॉन केज आणि नर्तक मर्स कनिंगहॅम दौऱ्यावर असताना इथे थांबले. द्यायला कॉलेजकडे मानधन नव्हते. राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि निघताना पाहतात तो त्यांच्या गाडीखाली विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ठेवलेल्या भेटवस्तूंचा ढीग.

त्या मुक्कामात केजने नुकतीच पूर्ण केलेली एक मोठी रचना वाजवून दाखवली. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, रबर असल्या वस्तू अडकवून त्याचा आवाज पार बदलून टाकणारी ही रचना. मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट तिच्या मुळाशी आहे. १९४६मध्ये अहमदाबादची गीता साराभाई ही तरुण संगीतकार न्यूयॉर्कला गेली होती. तिने केजकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले आणि बदल्यात त्याला भारतीय संगीत शिकवले. याच काळात आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून केजला रसविचाराचा परिचय झाला. शृंगार, वीर, करुण आदी रस आणि त्या सर्वांचा विसावा असलेला शांतरस. या स्थायीभावांना नादरूप देण्याची त्याची धडपड म्हणजे ती रचना. भरतापासून निघालेला विचार असा फिरत फिरत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत पोचला होता.

उन्हाळ्यात केज आणि कनिंगहॅम परत आले. मार्क टोबी या आजारी पडलेल्या चित्रकाराऐवजी विलेम डी कूनिंग आला. त्याचे पहिले एकल प्रदर्शन त्याच वर्षी झाले होते, पण त्यातून हाती फारसे काही लागले नव्हते. वास्तुशास्त्र शिकवायला ज्याला बोलावले होते त्याच्याऐवजी बकमिन्स्टर फुलर आला. त्रेपन्न वर्षांचा, अनेक उद्योगांत हात पोळलेला हा माणूस भूमितीच्या नमुन्यांनी खच्चून भरलेले फिरते घर ओढत सत्र सुरू झाल्यावर उगवला. म्हणजे आज ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांतले दोघे तर बदली शिक्षक होते!

फुलरने विद्यार्थ्यांपुढे बेत मांडला तो ४८ फूट व्यासाच्या घुमटाचा. मध्ये खांब नाही, आत तुळया नाहीत. त्रिकोणांच्या जाळीने स्वतःचाच भार पेलणारा घुमट. साहित्य काय, तर खिडक्यांच्या व्हेनेशियन ब्लाइंडसाठी वापरतात त्या धातूच्या पातळ पट्ट्या. स्वस्तात मिळणारे तेच होते. विद्यार्थ्यांनी हिशेब केले, पट्ट्यांवर खुणा केल्या, भोके पाडली. ठरल्या दिवशी सगळे कॉलेज पाहायला जमले. एकेक जोड बोल्टने आवळला जाऊ लागला. आता उठेल, मग उठेल, म्हणून सगळे पाहत राहिले. पट्ट्या वाकल्या, लवल्या आणि जमिनीवरच पडून राहिल्या. घुमट काही उठला नाही. पुढे त्याला ‘निजलेला घुमट’ असे गमतीचे नावही पडले.

फुलरचे म्हणणे असे, की हे साहित्य अपुरे आहे याची त्याला कल्पना होती. रचना कुठे कोसळते हे कळल्याशिवाय ती कुठे उभी राहते हे कळत नाही. हे शहाणपण आधीचे की नंतरचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. महत्त्वाचे ते दृश्य. शिनेकॉकच्या गुरुजींच्या हातून विद्यार्थ्यांपुढे असा फज्जा उडाला असता तर ती नामुष्की ठरली असती. इथे तो एक पाठ ठरला. पुढच्या उन्हाळ्यात फुलर पुन्हा आला आणि त्याच आवारात आकाराने बराच लहान, पण स्वतःच्या बळावर उभा राहणारा घुमट झाला.

त्याच उन्हाळ्यात केजने एरिक सती या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांचे पंचवीस छोटे कार्यक्रम केले. बेथोव्हेनपेक्षा सतीची वाट योग्य, असे व्याख्यानात ठणकावून त्याने जर्मन परंपरेत वाढलेल्या प्राध्यापकांचा रोष ओढवून घेतला. शेवटी सतीचे एक प्रहसन बसवले. त्यात सरदाराची भूमिका फुलरकडे, त्याच्या मुलीची डी कूनिंगची पत्नी इलेन हिच्याकडे, यांत्रिक माकडाची कनिंगहॅमकडे. नेपथ्य रंगवले विलेमने. रंगमंचावर फुलर गडबडून जात असे. तेव्हा पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नाव काढणाऱ्या तरुण आर्थर पेनने त्याला मुद्दाम वेडेवाकडे चाळे करायला लावून त्याची भीड मोडली. स्वतः चित्रकार असलेली इलेन त्या उन्हाळ्यात आल्बर्सच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणूनही बसत होती. कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी, हे दिवसाच्या वेळेवर ठरत होते.

हे चित्र गोड असले, तरी संपूर्ण नाही. फुलरच्या वर्गात केनेथ स्नेल्सन नावाचा तरुण होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात घरी त्याने काठ्या आणि ताणलेल्या दोऱ्या यांची एक रचना केली. तिच्यात एकही काठी दुसरीला टेकत नाही, तरी सारे काही तरंगत उभे राहते. १९४९च्या उन्हाळ्यात त्याने ती फुलरला दाखवली. फुलरने पुढे या तत्त्वाला नाव दिले, त्यावर व्याख्याने दिली आणि ते तत्त्व त्याच्याच नावाशी जोडले गेले. आपले श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही खंत स्नेल्सनने जन्मभर बाळगली. गुरू-शिष्यांतले अंतर उन्हाळ्यात मिटले होते. श्रेय वाटण्याची वेळ आली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले.

लोणी, शिक्के आणि तार

उन्हाळ्यापुरते जे घडले ते पुढे टिकले का, या प्रश्नाचे सर्वांत भरीव उत्तर मला रूथ असावा हिच्या आयुष्यात दिसते.

कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या शेतकऱ्याची ही मुलगी. १९४२मध्ये अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना स्थानबद्ध केले, तेव्हा सोळा वर्षांच्या रूथच्या कुटुंबाला आधी सांता अनिता इथल्या शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात ठेवले गेले. तिथेच स्थानबद्ध असलेल्या, डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेल्या चित्रकारांकडून ती रेखाटन शिकली. पुढे अर्कान्सासमधली छावणी. सुटका झाल्यावर मिलवॉकीच्या शिक्षक महाविद्यालयात तिने तीन वर्षे काढली. पण पदवीसाठी लागणारा अध्यापनाचा सराव तिला मिळाला नाही. जपानी वंशाच्या मुलीला शाळेत घ्यायला कोणी तयार नव्हते. एकदा बहिणीसोबत बसने मेक्सिकोला जाताना मिसुरीतल्या थांब्यावर गोऱ्यांचे आणि काळ्यांचे अशी दोन स्वच्छतागृहे होती. आपण कोणत्यात जायचे, हे त्या दोघी बहिणींना कळेना.

शिक्षिका होण्याची वाट बंद झालेली रूथ १९४६च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटनला आली. लॉरेन्स आला तोच हा उन्हाळा. ती आली उन्हाळ्यासाठी आणि राहिली तीन वर्षे. पहाटे उठून शेतावरच्या दुधाचे लोणी काढायची, लाँड्रीत काम करायची. कपड्यांवर उमटवायचा कॉलेजच्या आद्याक्षरांचा रबरी शिक्का तिने कागदावर पुन्हा पुन्हा उमटवला, फिरवून उमटवला, आणि त्यातून लाटांसारखे आकृतिबंध तयार केले. आल्बर्सची शिकवण तिने अशी धोबीखान्यापर्यंत नेली. १९४७च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतील टोलुका इथे अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या कशा विणतात ते ती स्थानिक कारागिरांकडून शिकली. साध्या तारेचे फासे एकात एक गुंफत जायचे. त्या टोपलीच्या विणीतून पुढे तिची छताला टांगलेली, आतला आकार बाहेर आणि बाहेरचा आत नेणारी तारेची शिल्पे जन्मली. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

पण मला तिच्या शिल्पांइतकेच महत्त्वाचे वाटते ते १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत सहा मुलांची आई असलेल्या असावाने अल्वाराडो या सरकारी प्राथमिक शाळेत एक कला कार्यशाळा सुरू केली. साहित्य होते दुधाची रिकामी खोकी, टाकाऊ कपटे, आणि मैदा, मीठ व पाणी मळून केलेला गोळा. हाताने काम करणाऱ्या कलावंतांनी मुलांमध्ये बसून काम करायचे, ही पद्धत होती. हा उपक्रम शहरातल्या अनेक सरकारी शाळांत पसरला. १९८२मध्ये तिच्याच पुढाकाराने शहरात कलांचे सरकारी विद्यालय सुरू झाले. २०१०मध्ये त्याला तिचे नाव देण्यात आले. जिला एके काळी शाळेत सरावापुरतेही शिकवू दिले नव्हते, तिच्या नावाने शाळा उभी राहिली. अडलेली पदवीही तिला मिळाली, ती १९९८मध्ये.

आल्बर्सने १९४९मध्ये ब्लॅक माउंटन सोडले. त्यानंतरही काही उन्हाळे चमकदार झाले, पण घरातले भांडण आणि रिकामी तिजोरी यांनी कॉलेजाला गाठलेच. खर्चाचा हिशेब मांडला तर ही संस्था अपयशी ठरते. फुलरच्या पहिल्या घुमटासारखी तीही जमिनीवर आली. लॉरेन्सला ॲशव्हिलच्या रस्त्यावर मोकळेपणाने फिरता यावे, एवढे बळ तिच्यात कधीच नव्हते. हे विसरून तिचे नुसते कौतुक करणे सोपे आहे. आणि बाहेरचे जग बदलले नाही म्हणून आतल्या आठ आठवड्यांना मोडीत काढणेही तितकेच सोपे आहे.

त्या दाराआड काही आठवडे राहून गेलेल्या काही जणांनी मात्र पुढे जिथे जिथे जमले तिथे तसेच दार बसवले. कोणी सिॲटलच्या विद्यापीठात, कोणी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राथमिक शाळेत. आणि ती दारे उन्हाळ्यापुरती नव्हती, बारमाही होती.